हात वर करणे

(द्वितीय वर्ष बी. ए.)

दरवर्षी पारितोषिक-वितरण समारंभात एक वाक्य हमखास ऐकू येते. पाहुणे आमदार असोत, माजी खेळाडू असोत की बँकेचे अध्यक्ष असोत, भाषणाच्या तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ते म्हणतातच, "खेळामुळे चारित्र्य घडते." आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत. महाविद्यालयाच्या कबड्डी संघात असल्यामुळे त्या वाक्यात माझेही थोडे कौतुक आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी घरात जे घडले त्यानंतर मात्र ते वाक्य मला सहजासहजी पचत नाही. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या बिनधास्तपणे ते उच्चारले जाते तितके ते खरेही नाही. मित्रहो, हा लेख त्या एका वाक्याची तपासणी आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, माण तालुक्यातून भोसरीला आले त्याला आता बावीस वर्षे झाली. तिथल्या एका छोट्या कारखान्यात ते ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर काम करीत. हे यंत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले नसेल. खाली डाय असते, तिच्यावर पत्रा ठेवायचा, वरचा जड भाग दणकन खाली येतो, पत्र्याला आकार मिळतो, तयार जॉब काढायचा आणि पुढचा पत्रा ठेवायचा. एका पाळीत हेच हजारो वेळा. हात डायमध्ये असताना यंत्र खाली येऊ नये म्हणून त्याला दोन बटने असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटने एकदम दाबल्याशिवाय यंत्र चालत नाही. म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. साधी पण उत्तम योजना आहे. मात्र एक बटन दाबलेल्या स्थितीत पक्के करून ठेवले की एक हात मोकळा होतो आणि तासाला जास्त जॉब निघतात. आबांच्या प्रेसचे एक बटन असेच पक्के करून ठेवलेले होते. त्यांच्या आधी त्या प्रेसवर काम करणाऱ्यालाही ते तसेच मिळाले होते.

खंडेनवमीच्या तीन दिवस आधी, दुसऱ्या पाळीत, आबांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. तर्जनी आणि मधले बोट, दोन्ही दुसऱ्या पेरापासून. मी तेव्हा मैदानावर सराव करीत होतो. शर्टाखाली ठेवलेल्या फोनवर आठ वेळा फोन येऊन गेला होता आणि मला कळले ते अंधार पडल्यावर. तिसऱ्या दिवशी आबांच्या सोबत्याने रुग्णालयात पेढे आणले. खंडेनवमीचा प्रसाद. कारखान्यातील सगळ्या यंत्रांची नेहमीप्रमाणे पूजा झाली होती, त्या प्रेसलाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळाली होती. आबांनी डाव्या हाताने पेढा घेतला आणि खाल्ला. मला खाववला नाही.

त्याच संध्याकाळी ठेकेदार आला. फळे घेऊन आला, आईला धीर दिला, आणि निघताना एक टाइप केलेला कागद माझ्या हातात ठेवला. "तू शिकलेला आहेस, तूच वाचून दाखव," असे म्हणाला. आमच्या घरात मराठी टाइप केलेला कागद अडखळल्याशिवाय वाचू शकणारा मी पहिलाच. आबा सातवीपर्यंत शिकले, आई त्याहून कमी. कागदावर लिहिले होते की, सुट्टीवर गावी गेलो असता कडबाकुट्टी यंत्रात हात जाऊन दुखापत झाली, कारखान्याचा यात कोणताही संबंध नाही. खाली सहीसाठी जागा. "मामा, तुमच्या भल्यासाठी सांगतोय," ठेकेदार म्हणाला. "दवाखान्याचं बिल आम्ही भरू, बरे झालात की कामावर या. नाहीतर कोर्टकचेरीत दहा वर्षं जातील."

मी येथे प्रामाणिकपणे लिहितो. मला तो कागद वाईट वाटला नाही. बिल, घरभाडे, धाकट्या बहिणीची फी, माझे राहिलेले वर्ष, सगळे एका क्षणात डोळ्यांसमोर उभे राहिले. सही करून मोकळे व्हावे असेच माझ्या मनात आले. डाव्या हाताचा अंगठा चालेल का, हेही मी विचारले. हा प्रश्न मी विचारला, ठेकेदाराने नव्हे.

आबांनी मला कागद पुन्हा एकदा, सावकाश वाचायला लावला. मग म्हणाले, "हात प्रेसमधी गेलाय. कडबाकुट्टीत न्हाई गेला." एवढेच. ठेकेदार बराच वेळ बोलला, आबा काही बोलले नाहीत. तो गेल्यावर रुग्णालयातून चौकशीसाठी जबाब घ्यायला आले, तेव्हा आबांनी प्रेसचे सांगितले आणि त्याबरोबर, कोणी विचारलेले नसताना, हेही सांगितले की एक बटन पक्के केलेले होते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

त्यावर मी चिडलो. बाहेर पॅसेजमध्ये आईला म्हणालो, खरे सांगायचे ते सांगितले, पण आपल्याच विरुद्ध जाणारे कशाला सांगायचे? पुढे ग्रंथालयात कामगार कायद्याचे जुने पुस्तक काढून वाचले तेव्हा कळले की माझी भीती अगदीच निराधार नव्हती. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात, कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले किंवा डावलले तर काही प्रसंगी मालकाची जबाबदारी टळते, असे कलम होते. आबांनी ते बटन पक्के केले नव्हते, पक्के केलेलेच त्यांना दिले गेले होते. हा फरक मोठा आहे आणि त्यावरच आमचा दावा उभा आहे. पण त्या रात्री आबांना कायदा माहीत नव्हता. मी रागाने विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "दोन्ही खरं हाय, तर दोन्ही सांगाया नको?"

आता कबड्डीचे सांगतो, कारण त्याशिवाय ही हकिगत अर्धी राहील.

या घटनेच्या आदल्या आठवड्यात आमचा आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. शेवटची दीड मिनिटे, आम्ही एका गुणाने पुढे. मी उजव्या कोपऱ्यात होतो. समोरच्या चढाईपटूने परत वळता वळता हात मागे टाकला आणि त्याची बोटे माझ्या बनियनला लागून गेली. कबड्डीत अंगाला लागले काय आणि कपड्याला लागले काय, नियम एकच, स्पर्श तो स्पर्श. चांगल्या खेळाडूने अशा वेळी पंचाची वाट पाहायची नसते, हात वर करून स्वतःहून बाहेर जायचे असते. लहानपणी गल्लीत खेळताना आम्हाला हे कोणी शिकवावे लागले नव्हते, कारण तिथे पंचच नसत. त्या दिवशी पंच दुसरीकडे पाहत होते. चढाईपटूने दाद मागितली, सरपंचांनी पंचांकडे पाहिले, पंचांनी मान हलवली. मी हात खाली ठेवला. आम्ही जिंकलो. मुलांनी मला खांद्यावर घेतले. वसतिगृहाच्या खानावळीत त्या रात्री गोड होते.

सहा वर्षे मी मैदानावर आहे. आबा आयुष्यात कधी कोणत्या संघातून खेळले नाहीत. एकाच महिन्यात आम्हा दोघांवर एकच प्रसंग आला. दोघांनाही असे सत्य माहीत होते की जे दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते आणि जे सांगितल्याने नुकसानच होणार होते. मला एका गुणाचे, त्यांना भाकरीचे. ज्याच्यावर खेळाचा संस्कार झाला होता त्याने हात खाली ठेवला. ज्याच्यावर झाला नव्हता त्याने फाटलेला हात वर केला.

म्हणून माझे म्हणणे असे की, खेळाने चारित्र्य आपोआप घडत नाही. खेळ एक सोय करून देतो. आयुष्यात जी परीक्षा फार महाग पडते ती मैदानावर स्वस्तात द्यायला मिळते. एक गुण, एक सामना, फार तर एक करंडक, यापलीकडे काही जात नाही. त्या परीक्षेला आपण बसलो तर उपयोग. नुसते मैदानावर जाऊन, जिंकून, घामाघूम होऊन काही होत नाही. उलट, पंचाचे लक्ष नसताना कसे वागावे याची सवय तिथेच लागते, आणि ती वाईटही असू शकते. मी ठेकेदाराचा कागद सही करण्याजोगा समजलो, त्यामागे त्या हुकलेल्या हाताची सवय नव्हतीच, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरा मुद्दा वेदनेचा. आपण खेळाडूच्या सहनशीलतेला फार मोठे स्थान देतो. २००२ साली अँटिग्वाच्या कसोटीत अनिल कुंबळे यांनी मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून १४ षटके टाकली आणि ब्रायन लाराला बाद केले. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये जपानचा शुन फुजिमोटो गुडघ्याला गंभीर दुखापत झालेली असताना रिंगांवरून खाली उतरला आणि उभा राहिला. त्या संघाला सुवर्णपदक मिळाले. ही माणसे मोठीच आहेत. पण हेच माप आपण नकळत कारखान्यात नेतो. ताप असताना पाळीवर जाणारा, दुखरा खांदा घेऊन सलग दोन पाळ्या करणारा, बटन पक्के असतानाही न कुरकुरता जॉब काढणारा, तो 'कष्टाळू'. जो म्हणेल की आधी बटन दुरुस्त करा मग मी उभा राहीन, तो 'कटकट्या'.

या दोहोंत फरक आहे. कुंबळे यांना न खेळण्याची मोकळीक होती. त्यांच्यामागे डॉक्टर होते, मैदानात उतरायला बदली क्षेत्ररक्षक होता, आणि ते गोलंदाजीला आले नसते तर कोणी त्यांच्या घरचा शिधा बंद करणार नव्हते. ज्याला नाही म्हणता येते त्याच्या होकाराला शौर्य म्हणावे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या सोसण्याला शौर्य म्हणणे ही आपली सोय आहे. यंत्राचे धोकादायक भाग बंदिस्त ठेवण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्याने कारखानदारावर टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता लागू झाली, तरी सुरक्षित जागा देण्याचे मालकाचे कर्तव्य संपलेले नाही. कामगाराने हिंमत दाखवावी म्हणून यंत्र उघडे ठेवा, असे कोणताही कायदा म्हणत नाही. असे म्हणतो तो फक्त महिन्याचा उत्पादनाचा आकडा.

आबा घरी आल्यावर मीही एक चूक केली. हंगेरीच्या कारोली टाकाच या नेमबाजाची गोष्ट मी कुठेतरी वाचली होती. तो सैनिक होता. १९३८ साली सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमबाजीचाच हात, निकामी झाला. त्याने डाव्या हाताने नेमबाजी शिकली आणि १९४८ साली लंडनला व १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. मी मोठ्या उत्साहाने ही गोष्ट आबांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "तवा त्याचा पगार चालू हुता का?"

मी गप्प झालो. नंतर लक्षात आले की प्रश्न अगदी योग्य होता. अशा गोष्टी सांगताना आपण नायकाची जिद्द तेवढी सांगतो, त्याच्यामागे कोण उभे होते ते सांगत नाही. टाकाच सैन्यातच राहिला होता. आपल्याकडचे मुरलीकांत पेटकर पाहा. सांगली जिल्ह्यातले, सैन्यातले मुष्टियोद्धे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. जिद्द त्यांचीच. परंतु सैन्याचे रुग्णालय होते, पोहायला लावणारे वैद्यक होते, पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी होती. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मला वाटते, खेळातील चारित्र्याचा विचार करताना खाशाबांच्या इतकाच खर्डेकरांचा विचार व्हायला हवा. पदक एकाच्या गळ्यात पडते. पण कोणीतरी आपले घर पणाला लावलेले असते.

अपघातानंतर घर कसे चालते हे कोणत्याही भाषणात येत नाही. पहिले दोन महिने सर्वांत अवघड गोष्ट होती शर्टाची बटने. दुसरी, डाव्या हाताने जेवणे. आबा पंक्तीला जाईनासे झाले. गेलेल्या बोटांना खाज सुटते, हे ते सांगत तेव्हा आई घाबरून जाई, पण डॉक्टरांनी समजावले की असे होते, मेंदूला बोटे गेल्याचे लवकर कळत नाही. आणि तिसरी गोष्ट, सही. आबा सही करतात याचा आमच्या घराला केवढा अभिमान होता हे ज्यांच्या घरी आजोबाही सही करीत त्यांना कळणार नाही. "अंगठ्यावर जाणार न्हाई," असे ते म्हणाले आणि माझ्या जुन्या वहीत रोज रात्री अंगठा व अनामिका यांच्यात पेन धरून अक्षरे गिरवू लागले. मी शेजारी बसून अभ्यास करी. दोन महिन्यांनी सही जमली. ती पहिल्यासारखी नाही. बँकेने ती लगेच स्वीकारली नाही, तीन खेपा घालाव्या लागल्या. रुग्णालयात अंगठा चालेल का असे मी ज्यांना विचारले होते, त्यांची ही तयारी पाहताना मला जे वाटले ते मी लिहीत नाही.

या काळात माझ्या संघातील मुलांनी मात्र माझा खेळावरचा विश्वास टिकवला, हेही नमूद केले पाहिजे. आमचा कर्णधार सलग अकरा दिवस सकाळी रुग्णालयात डबा घेऊन येई. दोघांनी पाळी लावून रात्री बसण्याचे काम घेतले. भाषण कोणी केले नाही. कबड्डीत आपला एक खेळाडू बाद झाला तर उरलेल्यांनी समोरचा एक बाद करायचा, की आपला परत आत येतो. जुन्या कबड्डीत याच प्रकाराला संजीवनी म्हणत. बोटे अशी परत येत नाहीत. पण बाहेर बसलेल्या माणसाला आत आणण्याचे काम आत असलेल्यांचे असते, हे मी कबड्डीतच शिकलो, आणि या एका बाबतीत पाहुण्यांचे वाक्य खरे ठरले असे मला म्हणावे लागेल.

जानेवारीत सराव पुन्हा सुरू केला तेव्हा मी त्या स्पर्शाची गोष्ट सर्वांसमोर सांगितली. निकाल बदलण्याची वेळ निघून गेली होती. दोन मुले काही आठवडे माझ्याशी बोलली नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रावरचा विजय मी त्यांच्यादेखत डागाळला होता. त्यांचा राग मला समजतो. आबांच्या जबाबानंतर पॅसेजमध्ये मीही तसाच रागावलो होतो.

आबांचा दावा अजून चालू आहे. ठेकेदाराने त्यांना परत घेतले नाही. ते आता एका गृहसंस्थेत पहारेकरी आहेत, पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. तेव्हा खरे बोलल्याने शेवटी सगळे भलेच होते, असा निष्कर्ष मी काढत नाही, काढला तर तो खोटा ठरेल. ग्रंथालयातील त्या जुन्या पुस्तकात एक कोष्टक होते. एका हाताची दोन बोटे गेली तर मिळकतीची क्षमता शेकडा २० कमी झाली, असे त्यात धरले होते. हिशेबाला कोष्टक लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या कागदावर सही झाली असती तर शेकडा २० सुद्धा मागता आले नसते, आणि त्या प्रेसवर आज उभ्या असलेल्या माणसाचे बटन तसेच राहिले असते. आबांच्या जबाबानंतर चौकशीला माणसे आली आणि ते बटन सोडवले गेले, असे त्यांचे सोबती सांगतात. आबांना या गोष्टीचे जेवढे समाधान आहे तेवढे दाव्याचे होईल असे मला वाटत नाही.

शेवटी दोन सूचना मांडतो. प्राध्यापकवर्गाने व जिमखाना समितीने त्यांचा विचार करावा, ही विनंती.

पहिली सूचना अशी, की सर्वोत्तम खेळाडूच्या करंडकाबरोबर, पंचाचे लक्ष नसताना ज्याने स्वतःहून हात वर केला अशा खेळाडूलाही वर्षातून एक बक्षीस द्यावे. त्याची शिफारस प्रतिस्पर्धी संघाने करावी. ज्या वर्षी अशी शिफारस येणार नाही त्या वर्षी बक्षीस कोणालाही देऊ नये, आणि अहवालात तसे छापावे.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी अनेक मुले-मुली आहेत, ज्यांच्या घरात कागद वाचणारे तेच पहिले. त्यांच्या आई-वडिलांपुढे रोज कोणता ना कोणता कागद ठेवला जातो, कारखान्याचा, ठेकेदाराचा, सावकाराचा, रुग्णालयाचा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते चांगलेच आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून एक संध्याकाळ आपण कामगार वस्तीत बसावे आणि लोकांचे कागद त्यांना वाचून दाखवावेत. सल्ला देऊ नये, तो वकिलांचा प्रांत आहे. फक्त जे लिहिले आहे ते मोठ्याने, सावकाश, मागितले तर दोनदा वाचावे. त्या संध्याकाळी आबांनी माझ्याकडून तेवढेच मागितले होते. पुढचे त्यांचे त्यांना कळत होते.